कोसंबींच्या नावापुढचा आकडा : प्रकल्प नोंदी

९ जून
आजपासून काम सुरू. ३१ जुलैला दामोदर धर्मानंद कोसंबींचा जन्मदिवस असतो. यंदा त्या दिवशी ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीवर त्यांच्या संशोधनाचा मोठा तक्ता लावायचा, असं ठरलंय. प्राचार्य मॅडमना तीन गोष्टी हव्या आहेत: एकूण लेख किती, एकूण सायटेशन (म्हणजे इतरांच्या लेखांत घेतलेले संदर्भ) किती आणि एच-इंडेक्स किती. मुलांना उभ्या उभ्या कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

हे काम माझ्याकडे आलं याचा फार आनंद झाला. ग्रंथपाल म्हणून इतकी वर्षं प्राध्यापकांचे एच-इंडेक्स काढून दिले, ते बढतीच्या फायलींसाठी. ज्या माणसाचं काम सहा शाखांत पसरलंय, त्याचा हिशेब पहिल्यांदाच मांडायचा आहे. गणित, संख्याशास्त्र, आनुवंशिकी, नाणकशास्त्र, संस्कृत पाठचिकित्सा आणि इतिहास. सातवी शाखाही निघेल असं वाटतंय.

एच-इंडेक्स हा अगदी अलीकडचा प्रकार आहे. हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ मध्ये सुचवला. ज्याचे किमान दहा लेख प्रत्येकी किमान दहा वेळा उद्धृत झालेत, त्याचा एच-इंडेक्स किमान दहा. कोसंबी १९६६ च्या जूनमध्ये गेले. गारफील्ड यांची सायटेशनची सूची बाजारात आली १९६४ मध्ये. म्हणजे कोसंबींच्या जवळजवळ सगळ्या कामाच्या काळात ही मोजदादच अस्तित्वात नव्हती. त्यांच्या काळातल्या संदर्भयाद्या नंतर कोणी तरी बसून भरल्या, त्याही काही निवडक नियतकालिकांच्याच. ही गोष्ट तक्त्यावर यायला हवी, म्हणून इथे पहिल्याच दिवशी लिहून ठेवते.

१२ जून
दोन दिवस नावातच गेले.

एका सूचीत 'डी. कोसंबी' टाकलं तर वडील आणि मुलगा एकाच खात्यावर निघाले. धर्मानंद कोसंबी हे पालीचे आणि बौद्ध धर्माचे मोठे पंडित. 'विसुद्धिमग्ग'ची जी आवृत्ती वॉरेन यांनी सुरू केली होती, ती धर्मानंदांनी तपासून पुरी केली. हार्वर्डच्या प्राच्यमालेत ४१ वा ग्रंथ म्हणून ती १९५० मध्ये छापली गेली. त्याच मालेतला पुढचा, ४२ वा ग्रंथ म्हणजे विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश', १९५७ चा. संपादक दामोदर कोसंबी आणि वि. वि. गोखले. बापलेकांचे ग्रंथ एकाच मालेत शेजारी शेजारी, दोघांच्याही नावाचं आद्याक्षर 'डी'. यंत्राने दोघांना एक केलं तर त्यात नवल नाही, पण माझ्या तक्त्यात ते चालणार नाही. हाताने एकेक ओळ सोडवली.

मग कौशांबी. पालीत त्या नगरीला कोसंबीच म्हणतात. तिथल्या उत्खननाचे, तिथल्या विहाराचे लेख या शोधात धो धो येऊन पडतात. ते वेगळे काढले. शिवाय मीरा कोसंबी, दामोदर कोसंबींच्या कन्या. वसाहतकाळातल्या मुंबईच्या वाढीवर त्यांचा महत्त्वाचा ग्रंथ आहे. त्यांच्या नावाची रांग वेगळी ठेवली. एकाच घरातले तीन अभ्यासक, तिघांचं आडनाव तेच. घरातली माणसं वेगळी करण्याचं हे काम कुठल्याही यंत्राला सांगता येत नाही. ते ज्याला माहीत आहे त्यालाच करावं लागतं.

१४ जून, शनिवार
एशियाटिकमध्ये गेले. इतिहासाचे सर तिथले सभासद, त्यांच्याबरोबर. टाउन हॉलच्या पायऱ्या चढताना गुडघ्यांनी कुरकुर केली, पण वर पोचल्यावर हॉर्निमन सर्कलच्या झाडांवरचा पाऊस बघून बरं वाटलं.

संस्थेच्या नियतकालिकाचे जुने खंड मागवले. कोसंबींचा ब्राह्मण गोत्रांच्या उगमावरचा लेख याच नियतकालिकात १९५० मध्ये आला. कार्ल्याच्या लेण्यातल्या शिलालेखांत जे दाते 'धेनुकाकट'चे म्हणून येतात, ते गाव कुठलं याचा शोध घेणारा लेखही इथलाच. शिपाईकाकांनी खंड आणून टेबलावर ठेवला तो दोन्ही हातांनी, बाळ उचलावं तसा. कागद पिवळा पडून ठिसूळ झालाय. पान उलटताना कोपऱ्याचा एक कण माझ्या वहीवर पडला. मी तो चिमटीने उचलून परत खंडात ठेवला. उपयोग काही नाही, पण टाकवेना.

या नियतकालिकाचं नावही मध्ये बदललं. आधी 'रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा', नंतर 'मुंबईची एशियाटिक सोसायटी'. एकाच कपाटातले खंड, पण सूचीच्या लेखी दोन नियतकालिकं. तळटीपांत काही जण जुनं लघुरूप लिहितात, काही नवं. मोजणारा एकाच नावाने शोधतो आणि उरलेलं सुटतं.

सर म्हणाले, "बाई, तुम्ही सायटेशन शोधताय, पण आमच्याकडे लोक तळटीपेत 'कोसंबी, उपरोक्त' लिहून पुढे जातात. ते कोण मोजणार?" खरं आहे. हा मुद्दा नंतर सविस्तर बघायचा.

१८ जून
आज भाची आली होती. ती तांदळाच्या जनुकीय नकाशावर पीएच.डी. करतेय. जेवताना मी सहज विचारलं, "तुमच्यात कोसंबी कोण म्हणून माहीत आहेत?" तिने पटकन उत्तर दिलं, "मावशी, ते फंक्शन ना? मी रोज वापरते. बटण आहे ते." कोसंबी माणूस होते आणि पुण्यात राहायचे, हे तिला आज कळलं. रागवायचं कारण नाही, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिची वही काढून आम्ही दोघी बसलो.

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्या प्रकल्पाची गाठ इथे आहे.

गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत, हे थेट मोजता येत नाही. पुढच्या पिढीत ती किती वेळा सुटी होतात, ते मोजतात. पण दोघांच्या मध्ये गुणसूत्रांच्या तुकड्यांची दोनदा अदलाबदल झाली, तर वरून काहीच झालं नाही असं दिसतं. त्यामुळे अंतर जितकं जास्त, तितका मोजलेला आकडा खऱ्या अंतरापेक्षा कमी पडतो. हॅल्डेन यांनी १९१९ मध्ये यावर सूत्र दिलं. त्यात एका ठिकाणच्या अदलाबदलीचा शेजारच्या ठिकाणावर काही परिणाम होत नाही, असं धरलं होतं. प्रत्यक्षात परिणाम होतो. एका जागी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी व्हायची शक्यता घटते, आणि लांब गेलं की हा अडथळा विरत जातो. कोसंबींनी हा विरत जाणारा अडथळा साध्या गृहीतकाने सूत्रात बसवला. चार पानांचा लेख.

भाचीने दोन्ही सूत्रं कॅल्क्युलेटरवर चालवून दाखवली. सुटं होण्याचं प्रमाण ५ टक्के असेल तर हॅल्डेनचं अंतर ५.३ आणि कोसंबींचं ५.०. फरक जवळजवळ नाही. २० टक्क्यांना हॅल्डेन २५.५, कोसंबी २१.२. ३० टक्क्यांना हॅल्डेन ४५.८, कोसंबी ३४.७. एकक सेंटिमॉर्गन. म्हणजे तेच रोप, तीच नोंद, पण नकाशा केवढा लांब होईल ते कोणाचं सूत्र घेतलं यावर ठरतं.

मग तिने तिच्या विषयातले चार-पाच लेख उघडले. प्रत्येकात पद्धतीच्या भागात एक ओळ होती: कोसंबी मॅपिंग फंक्शन वापरून अंतरं काढली. मी शेवटी संदर्भयादी बघितली. तिथे सॉफ्टवेअरचा संदर्भ आहे, कोसंबींचा नाही. सगळ्या लेखांत तेच. नाव लेखाच्या पोटात आहे, यादीत नाही. सूची यादीतलंच मोजते.

भाचीच्या स्वतःच्या पहिल्या लेखातही तेच निघालं. ती जरा गप्प झाली. मी तिला म्हटलं, "तुझी चूक नाही गं, तुमच्याकडे रीतच तशी पडलीय." पण रात्री झोपताना मलाच वाटत राहिलं, की ज्याचं नाव रोज घेतलं जातं त्याचा हिशेब शून्य लागतोय.

२० जून
पाऊस. लोकल बंद, घरूनच काम. कोरा दिवस.

२४ जून
समाजशास्त्रात या प्रकाराला 'ऑब्लिटरेशन बाय इन्कॉर्पोरेशन' असं नाव आहे. रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिलं, की एखादं काम शास्त्रात इतकं मुरतं की मूळ लेखाचा उल्लेखच गळून पडतो. ते सगळ्यांचं होऊन जातं. लोणच्यात मीठ मुरलं की ते वेगळं काढून दाखवता येत नाही, तसं. कोसंबींच्या बाबतीत आडनाव तेवढं राहिलं, लेख गळला.

लेखाचं सालही दोन प्रकारे लिहिलं जातं. कोणी १९४३, कोणी १९४४. खंड १२, आणि तो खंड तुकड्या-तुकड्याने छापला गेला. नियतकालिकाचं नाव तेव्हा 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स', १९५४ पासून 'अ‍ॅनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स'. दोन सालं आणि दोन नावं, म्हणजे एका लेखाच्या चार नोंदी होऊ शकतात. ज्यांनी संदर्भ प्रामाणिकपणे दिला, त्यांचीही मोजणी अशी विखुरते. मी सगळ्या एकत्र केल्या. यासाठी नवा रकाना: 'एकाच लेखाची वेगवेगळी रूपं'.

२८ जून, शनिवार
गणिताच्या मॅडम मदतीला आल्या. त्यांच्यामुळे आज दोन मोठ्या गाठी सुटल्या.

पहिली, १९४३ चा लेख, 'स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस', भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात. एखादी सतत हलती, अनिश्चित गोष्ट, समजा नदीचा उसळता प्रवाह, ही मोजक्या स्वतंत्र आकारांच्या बेरजेने मांडता येते, आणि ते आकार कसे निवडायचे, हा त्यातला गाभा. पुढे हेच कारहुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे केलं, आणि नाव त्या दोघांचं पडलं. आज प्रवाहाच्या खळबळीचा अभ्यास करणारे, चेहरे ओळखणाऱ्या यंत्रांवर काम करणारे, प्रतिमा लहान करून साठवणारे, सगळे याच कुळातली पद्धत वापरतात. जे लेखक इतिहास जाणतात ते सुरुवातीच्या परिच्छेदात कोसंबी १९४३ असं लिहितात. बाकीचे दोनच नावं घेतात.

मॅडमनी हे फळ्यावर आकृती काढून समजावलं. आधी वेडीवाकडी रेघ, मग खाली एक लांब लाट, तिच्याखाली दोन लाटा, तिच्याखाली चार. "या सगळ्यांची बेरीज करा, वरची रेघ मिळेल. प्रत्येक लाटेचा वाटा किती, तेवढं लक्षात ठेवलं की झालं. आणि कोसंबी पुढचं सांगतात. लाटाच घ्या असं नाही, त्या प्रवाहाला शोभणारे आकार प्रवाहातूनच शोधा." मला गणित बारावीनंतर सुटलंय, पण हे कळलं. फळा पुसायला नको वाटलं, म्हणून फोटो काढून ठेवला.

दुसरी गाठ त्याहून जुनी. १९३३ मध्ये जर्मनीच्या 'मॅथेमॅटिशे त्साइटश्रिफ्ट'मध्ये कोसंबींचा वक्र मार्गांच्या भूमितीवरचा लेख आला. त्याच विषयावर एली कार्तान यांनीही लिहिलं, आणि १९३९ मध्ये चर्न यांनी ते पुढे नेलं. आज त्याला कोसंबी-कार्तान-चर्न सिद्धांत म्हणतात. मॅडम म्हणाल्या, "एखादी हलती व्यवस्था थोडीशी ढकलली तर मार्गावर परत येते की भरकटत जाते, हे तपासायला लोक आता हे वापरतात. जीवशास्त्रातसुद्धा." १९३३ सालचा लेख आज वापरात आहे. प्रयोगशाळेच्या विषयांत इतकी जुनी गोष्ट सहसा कोणी उद्धृत करत नाही, गणितात करतात. त्यामुळे गणिताचा आकडा जीवशास्त्राच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करणं हेच चुकीचं आहे. गणितात संदर्भयाद्या आखूड असतात, लेख हळू फिरतात आणि फार काळ फिरत राहतात.

३ जुलै
नाणी. कोसंबींनी तक्षशिलेच्या ढिगाऱ्यातली चांदीची आहत (ठसे मारलेली) नाणी एकेक करून तराजूत तोलली. १९४० पासून 'करंट सायन्स'मध्ये त्यावरचे लेख आहेत. तर्क साधा आहे. नाणं हातोहात फिरतं, झिजतं, वजन घटतं. पण सगळी सारखी झिजत नाहीत, त्यामुळे सरासरी जशी खाली येते, तसा वजनांतला फरक वाढत जातो. एका ढिगातल्या नाण्यांचा काळ ठरवायला यातून वाट मिळते. अशा पद्धतीने इतिहास लिहायला आकडेशास्त्र लागतं आणि नाण्यावरची चिन्हं वाचायला पुराणवस्तूंचं ज्ञान लागतं. दोन्ही एका माणसाकडे होतं.

मला हे हाताने करून बघायचं होतं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या सरांनी परवानगी दिली. घरातल्या डब्यातली जुनी जाड पाच रुपयांची नाणी नेली. टाकसाळीतून निघताना त्यांचं वजन ९ ग्रॅम असायचं. काट्यावर एकेक ठेवलं. बहुतेक ९ च्या किंचित खाली. एक मात्र खूपच खाली गेलेलं, त्याच्या कडेवरची नक्षी बोटाला लागेनाशी झाली होती. माझ्या आईच्या पूजेच्या डब्यातलं होतं ते, बाजारात फिरून मग देवापाशी येऊन थांबलेलं. दोन तास मान वाकवून बसले तेव्हा मनात आलं, शेकडो नाणी तोलण्याचं हे काम किती संथ असेल.

हे लेख नाणकशास्त्राच्या पुस्तकांत उद्धृत होतात, आणि ती पुस्तकं बहुतेक सूचींच्या बाहेर आहेत. त्यांनी १९६६ च्या फेब्रुवारीत 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये याच विषयावर सर्वांना कळेल असा लेख लिहिला. ते गेले त्याच्या चार-पाच महिने आधी.

८ जुलै
इतिहास आणि संस्कृत. इथे सूची जवळजवळ मुकी आहे.

भर्तृहरीची सुभाषितं त्यांनी संपादित केली. ते पुस्तक आपल्याच मुंबईत, भारतीय विद्या भवनातून १९४८ मध्ये निघालं. कुठल्या हस्तलिखितात कुठला श्लोक आहे, कुठे नाही, याची छाननी करून मूळ गाभा वेगळा काढला. हे काम इतक्या लोकांनी आधारभूत मानलंय, की पुढच्या अभ्यासात ते गृहीतच धरलं जातं. 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' १९५६ मध्ये पॉप्युलर बुक डेपोने छापलं, तेही मुंबईचंच. त्या पुस्तकाने भारतीय इतिहासलेखनाची दिशा बदलली. राजांच्या याद्यांऐवजी नांगर, जमीन, जात, उत्पादन यांच्याकडे इतिहासकार बघू लागले.

इतिहासाच्या सरांनी सांगितलेली 'उपरोक्त'ची गोष्ट आज तपासली. एका मराठी ग्रंथाच्या एका प्रकरणाच्या तळटीपा मी बोटाने मोजल्या. पहिल्यांदा पूर्ण संदर्भ, मग 'कोसंबी, उपरोक्त', मग नुसतं 'तत्रैव'. असा माणूस पानोपानी असूनही मोजणीत एकदा येतो. आणि तो ग्रंथच सूचीत नसेल तर एकदाही नाही. मराठीत, हिंदीत, बंगालीत त्यांच्यावर किती लिहिलं गेलंय! त्यातलं काही त्या आकड्यात नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आपल्या भाषेत झालेली चर्चा ही चर्चाच नव्हे, असं ते मोजमाप सांगतं.

१२ जुलै
आज वाद झाला, चांगला झाला.

१९५९ मध्ये कोसंबींनी रीमानच्या गृहीतकाची, म्हणजे अविभाज्य संख्यांशी जोडलेल्या एका प्रसिद्ध अवघड गणिती प्रश्नाची, सिद्धता दिल्याचा दावा करणारा लेख छापला. तोही भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात. सिद्धता संभाव्यतेवर उभी होती, आणि गणितज्ञांनी ती मान्य केली नाही. त्यांच्या गणिती प्रतिष्ठेला यामुळे मोठा धक्का बसला. १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली त्यांची नेमणूक पुढे चालू राहिली नाही.

प्रश्न असा: या लेखाचे उल्लेख मोजायचे का? तो उद्धृत होतो, बहुतेक चूक दाखवण्यासाठी किंवा त्यांच्या आयुष्यातली घटना म्हणून. इतिहासाचे सर म्हणाले, मोजा, तो त्यांचाच लेख आहे. गणिताच्या मॅडमचं म्हणणं, वापर आणि वाद यांची बेरीज करू नका. मला मॅडमचं पटलं, पण लेख लपवायचाही नाही. म्हणून आता तीन वर्ग केलेत: वापर, दाखला आणि वाद. रीमानचा लेख कामाच्या यादीत आहे, आणि त्याच्यापुढे 'वाद' असं लिहिलंय. त्यांच्यावर प्रेम आहे म्हणून चुकीचा लेख गाळायचा नाही.

'दाखला' या वर्गात आणखी एक वेगळी गोष्ट. १९३१ मध्ये त्यांनी एका लेखात 'बूर्बाकी' नावाच्या न झालेल्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा आधार घेतला. अलीगढला आंद्रे वेइल त्यांचे सहकारी होते, ही कल्पना तिथली. पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या गटाने तेच नाव घेतलं, आणि हा लेख बूर्बाकी नावाची पहिली छापील नोंद म्हणून आजही उद्धृत होतो. त्यातलं गणित कोणी वापरत नाही. तरी आकडा वाढतो.

१९६० च्या दशकात अविभाज्य संख्यांवरचे काही लेख त्यांनी 'एस. ड्यूक्रे' या नावाने छापले. त्यांतले काही मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात. ते नाव कोसंबींच्या खात्यावर कुठल्याच यंत्राने आपोआप आणलेलं नाही. मीच जोडलं.

१५ जुलै
फोर्टमध्ये काम होतं, तिथून गेटवेजवळून चालत गेले. पावसाने अपोलो बंदर धूसर झालं होतं. टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, मुंबईत सुरुवातीला पेडर रोडवर, १९४९ पासून इथल्या जुन्या यॉट क्लबमध्ये आणि मग १९६२ मध्ये नेव्ही नगरला उद्घाटन झालेल्या इमारतीत. कोसंबी तिथे १९४५ पासून. डेक्कन क्वीनने पुण्याहून येऊन संध्याकाळी परत. त्या प्रवासात किती वाचलं, किती लिहिलं असेल, याची नोंद कुठे असेल?

१९ जुलै
प्राचार्य मॅडमना मसुदा दाखवला. मी एच-इंडेक्स लिहिलेला नाही. त्या म्हणाल्या, "पालक येतील, मुलं येतील, एक तरी आकडा दाखवा. नाही तर कसं कळणार मोठा माणूस होता म्हणून?" त्यांचं म्हणणं रास्त आहे. मीही तेवढ्याच शांतपणे सांगितलं, की माझ्याकडे एक आकडा आहेच, पण तो कोसंबींचा नाही, सूचीच्या मर्यादेचा आहे. मग तांदळाच्या नकाशाचे लेख उघडून दाखवले. पोटात नाव, यादीत शून्य. त्या बराच वेळ बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मग हेच दाखवा ना, तसंच." तक्त्याच्या मधोमध तेच येणार आता.

२३ जुलै
तक्त्याची मांडणी ठरली. डाव्या कडेला साल, उजवीकडे शाखा. प्रत्येक शाखेत एक लेख किंवा ग्रंथ निवडलाय आणि त्याखाली लिहिलंय, आज कोण कशासाठी वापरतं. आनुवंशिकीचा चौकोन सगळ्यात मोठा, त्यात भाचीचं २० टक्क्यांचं उदाहरण आकड्यांसकट. भूमितीत १९३३, संख्याशास्त्रात १९४३. नाण्यांच्या चौकोनात माझं झिजलेलं पाच रुपयांचं नाणं चिकटवायची इच्छा होती, पण आईने नको म्हटलं, देवाचं आहे. फोटो लावू.

छपाईवाल्याने 'कोसंबी'चं 'कौसंबी' केलं होतं. दुसऱ्यांदा पाठवलं.

२८ जुलै
मोजणीची फाईल जतन केली. तीन वर्ग, सहा शाखा, दोन भाषा. मराठी तळटीपांचं काम अपुरं आहे. पुढच्या सत्रात इतिहासाची मुलं बसतील तेव्हा एकेक ग्रंथ वाटून घेऊ.

३१ जुलै
तक्ता लागला. सकाळी दोन मुली उभ्या राहून वाचत होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "हे मुंबईत कामाला होते आणि पुण्यातून यायचे, रोज." दुसरी म्हणाली, "डेक्कन क्वीन."

दुपारी भाचीचा फोन आला. तिचा दुसरा लेख पाठवायची वेळ आलीय. ती म्हणाली, "मावशी, यादीत घालतेय मी त्यांना. पण साल कुठलं लिहू, ४३ की ४४?"

मी खंडाच्या मुखपृष्ठाची छायाप्रत समोर ठेवली होती. "४४ लिही. खंड १२, पानं १७२ ते १७५. आणि नियतकालिकाचं नाव जुनंच, तेव्हा जे होतं ते."